गेंड्याच्या पाठीवरचा पक्षी

४ जानेवारी, सोमवार

महापौरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काढलेलं त्यांचं नाक 'मूळ नाकाशी प्रमाण सोडून' आहे, अशी नोटीस आज कचेरीत आली. संपादकांच्या खोलीत आमच्या वर्तमानपत्राचे वकील फूटपट्टी घेऊन बसले होते. त्यांनी आधी महापौरांचा फोटो मोजला, मग माझं चित्र मोजलं आणि म्हणाले, "दोन नाकं जास्त आहेत."

बावीस वर्षं मी या शहरातली थोबाडं काढतोय. इतक्या वर्षांत कुणी पट्टी लावली नव्हती. पण मार्चात पालिकेच्या निवडणुका आहेत, संपादकांना झेंगट नको. निर्णय झाला, की निवडणूक होईपर्यंत माणसाचा चेहरा बंद. "जनावरं काढा," संपादक म्हणाले. "जनावर कोर्टात जात नाही."

वकिलांनी आणखी एक सांगितलं. काय काढलं आणि का काढलं, याची घरी रोज नोंद ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल. म्हणून ही वही. नोंद खरी ठेवायची की कशी, ते मात्र ते म्हणाले नाहीत.

५ जानेवारी, मंगळवार

सकाळभर जनावरं निवडली. वकिलांनी साप कापला (विषारी म्हटल्यासारखं होतं). गाढव कापलं (मतदारांना वाटेल आपल्यालाच म्हणताहेत). कोल्हा, लांडगा, तरस एका फटक्यात गेले. गेंड्यापाशी थांबले. "हा शाकाहारी ना?"

"हो."

"मग हरकत नाही."

मी मनात हसलो. गेंड्याची कातडी म्हणजे काय हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि एवढ्या मोठ्या वकिलाच्या ध्यानात येऊ नये! घरी येऊन हिला सांगितलं. माझी बायको आमच्या गल्लीपलीकडच्या पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर आहे, एकोणीस वर्षं. इंजेक्शन देते तशी बोलते, कळायच्या आत टोचून मोकळी.

"गेंड्याला शिंग नाकावरच असतं ना?" ती म्हणाली. "मग वकिलांनी मोजलं काय?"

८ जानेवारी, शुक्रवार

पहिला गेंडा छापून आला. महापौरांच्या खुर्चीत बसलाय, खुर्चीचे पाय वाकलेत, टेबलावर फायलींचा चारा. उत्तम जमलाय. पाठीच्या वर थोडी जागा रिकामी राहत होती. मला कागदावर रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो, म्हणून एक छोटा पक्षी बसवून दिला. त्याला अर्थ काही नाही.

नऊ फोन आले, नऊच्या नऊ कौतुकाचे. बावीस वर्षांत मला फोन आला तो शिव्या द्यायलाच. आज टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, "काय हो, कुणाला पैसे चारलेत?" अंगावर मूठभर मांस चढलं, कबूल करतो.

१४ जानेवारी, गुरुवार

ही दवाखान्यातून आली ती चपलासुद्धा न काढता माझ्यासमोर बसली. पिशवीतून एक झेरॉक्स काढली. दवाखाना ३१ मार्चला बंद. इमारत तीस वर्षांच्या करारानं हॉटेलसाठी देणार, आणि ज्याला देणार तो महापौरांचा सख्खा मेहुणा. खाली महापौरांची सही. पालिकेच्या आतल्या कुणीतरी हिच्या हातात ठेवली होती.

"रोज दोनशे माणसं येतात," ही म्हणाली. "म्हातारी, बाळंतिणी. पुढचा दवाखाना दोन बस बदलून. कोण जाणार? अहो, हे छापा. नावानिशी छापा."

कागद तिनं माझ्यापुढे सरकवला.

मी तिला समजावलं. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, चित्र डोक्यात राहतं. हा कागद मी आमच्या लंबूला दिला (पालिकेच्या बातम्या तोच करतो, पोरगा चांगला आहे, पण लिहितो कोरडं) तर तो सात ओळींत गुंडाळेल. त्यापेक्षा मला एक जबरदस्त कल्पना सुचली. तो पाठीवरचा पक्षी! तोच मेहुणा! गेंड्याच्या पाठीवर बसून आयतं टिपणारा! निरर्थक पक्ष्याला अर्थ मिळाला.

"समजणाऱ्याला बरोबर समजेल," मी म्हणालो.

"आणि न समजणाऱ्याला?"

कागद माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. योग्य वेळी काढेन.

१८ जानेवारी, सोमवार

आजचं चित्र: गेंडा दवाखान्यात शिरलाय, पाठीवर पक्षी, पक्ष्याच्या चोचीत थर्मामीटर. म्हणजे मेहुण्यानं दवाखाना उचलला. याहून स्पष्ट काय काढायचं!

दुपारपर्यंत चाळीस फोन. एका निवृत्त शिक्षिकेनं तर पत्रच पाठवलं: 'पक्ष्याला ताप आला म्हणून एवढा मोठा गेंडा स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन आला, हे पाहून डोळे भरून आले.'

वाचक हळवा असतो. पण मुद्दा आत कुठेतरी रुजतोच.

२७ जानेवारी, बुधवार

गेंडा पहिल्या पानावर! संपादकांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. चौकातल्या केकवाल्यानं गेंड्याच्या आकाराचा केक काढलाय, पक्षी वेगळा मिळतो. लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईनं माझी सही घेतली.

ही दवाखाना वाचवा म्हणून सह्या गोळा करतेय. मी खास चौकशी केली, किती झाल्या? म्हणाली, "तीनशे बारा. त्यातल्या निम्म्यांनी सही करता करता विचारलं, तुमच्या मिस्टरांचा गेंडा उद्या काय करणार?"

मला बरं वाटलं. तिला वाटलेलं दिसलं नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

महापौरांचा फोन. प्रत्यक्ष त्यांचा. नोटिशीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, "वकील मंडळी फार उतावीळ हो" असं म्हणाले आणि दवाखान्याच्या चित्राची मूळ प्रत केबिनमध्ये लावायला मागितली.

मी बराच वेळ विचार केला (पाच-सात मिनिटं). मग दिली. माणसाच्या डोक्यावर त्याचंच पाप टांगायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार? रोज बघेल आणि मनातून जळेल.

जेवताना हिला हेच सांगितलं. तिनं विचारलं, "खाली सही केलीत?"

"करावीच लागते."

"'सप्रेम' लिहिलंत?"

मी कोशिंबीर पुढे सरकवली आणि हवेबद्दल बोललो.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलासुद्धा हात उठत नाही.

महापौरांची पहिली प्रचारसभा होती. मुद्दाम गेलो. व्यासपीठाच्या मागे दोन मजली गेंडा, माझा गेंडा, आणि पाठीवर माझा पक्षी. खाली ठळक अक्षरं: 'तुमचं ओझं आम्हाला होत नाही.'

महापौर उठले. म्हणाले, "टीकाकार मला गेंडा म्हणतात. आहे मी गेंडा! माझी कातडी जाड आहे, कारण तुमच्यावर येणारा घाव मी अंगावर घेतो. आणि पाठीवर बसलेला हा चिमुकला जीव कोण?" त्यांनी बोट रोखलं. "तुम्ही!"

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या सद्‌गृहस्थांनी डोळे पुसले. मी ओरडलो, "अहो, तो मेहुणा आहे!" सद्‌गृहस्थ म्हणाले, "कुणाचा?"

कचेरीत वकिलांना गाठलं. चित्र चोरलं, अर्थ फिरवला, काहीतरी करा. त्यांनी चष्मा पुसला. "बदनामीचा दावा लावता येतो. पण तुम्ही बदनामी केली आणि समोरच्याची कीर्ती झाली, याला कायद्यात कलम नाही. आणि मूळ प्रत तुम्ही सही करून दिलीत ना?"

घरी आलो तर हिला सगळं आधीच कळलेलं. "करायला गेलात एक," एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं. तिनं गिळलेलं मला जास्त लागतं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

आता माझा हात बघा म्हणावं! आजचा गेंडा असा काढला, की सकाळी चहाबरोबर बघवू नये. लाळ गळतेय, अंगावर माशा, दातांत इंजेक्शनची सुई. आणि पक्ष्याचं केलं गिधाड.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण. एकशे साठ फोन. 'गेंडा आजारी आहे का?' 'पक्ष्याला कुणी छळलं?' 'दुसऱ्या कुणी चित्रकारानं काढलंय का? आमचे नेहमीचे बरे आहेत ना?' कुणीतरी हिच्या दवाखान्याच्या पायरीवर गेंड्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून गेलं. ही ती घरी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

संपादक म्हणाले, "खप जानेवारीपासून दीडपट झालाय. वाचकाला दुखवायचं नसतं. जुना गेंडा आणा."

आणला. दोन-चार दिवसांपुरता. मग पुन्हा विचार करू.

२ मार्च, मंगळवार

आज घरात भांडण. हिला तो कागद हवा होता. "तुम्हाला जमत नाहीये तर मला द्या, मी लंबूला नेऊन देते."

मी सांगितलं, थांब. मतदानाच्या आदल्या दिवशी मी शेवटचं चित्र काढणार आहे. मोठं, अख्ख्या पानाचं. त्यात तो कागद जसाच्या तसा घालणार. बॉम्ब पडेल.

"लोक मरायला टेकलेत आणि तुम्ही मुहूर्त बघताय," ती म्हणाली. मी म्हणालो, कलेत वेळ साधावी लागते. आणि तसंही परवाच्या चित्रात छपाईवाल्यांनी पक्ष्याची चोच पुसट काढली, त्याचा मला किती मनस्ताप झालाय हे कुणाला समजत नाही.

ही उठून उभी राहिली. "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!" असं म्हणून धाडकन दार लावून घेतलं.

यातली शेळी कोण आणि खाणारा कोण, यावर मी थोडा विचार केला. क्षणभर मनात असंही आलं, की कागद बाहेर पडला तर गेंडा संपेल, लिफ्टमधल्या बाई पुन्हा ओळख देणार नाहीत, म्हणून तर मी तो दाबून ठेवत नाहीये? छे! तसं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं.

१९ मार्च, शुक्रवार

परवा मतदान. अख्खं पान मागायला गेलो. संपादक हसले. "आजपासून अख्खी पानं सगळी जाहिरातींना. महापौरांचीच आहेत. गेंडाच आहे की त्यांत."

धावत लंबूकडे गेलो आणि कागद त्याच्या हातात ठेवला. त्यानं वाचला, मग तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, हा जानेवारीचा आहे."

"हो."

"इतके दिवस कुठे होता?"

"खणात."

लंबू उंच आहे, रागावला की आणखी उंच दिसतो. पण लगेच लिहायला बसला. दोन कॉलमांची बातमी केली, चांगली, नावं, तारखा, सही, सगळं. कोरडं लिहिणं म्हणजे काय ते मला आज कळलं.

२० मार्च, शनिवार

बातमी आली. आतल्या पानावर, माझ्या गेंड्याच्या खाली. गेंड्याला जागा कमी पडत होती म्हणून पान लावणाऱ्यानं बातमी खालून कापली, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे. कापलं गेलं ते मेहुण्याचं नाव. मथळाही त्यानंच जागेत मावेल तेवढा घातला: 'दवाखान्याचे स्थलांतर, नव्या वास्तूची योजना.'

मी पान लावणाऱ्यावर ओरडलो. तो म्हणाला, "साहेब, तुमचं चित्र कापू का मग? लोक मला फाडून खातील."

२३ मार्च, मंगळवार

निकाल. महापौर मागच्यापेक्षा दुप्पट मतांनी निवडून आले. मिरवणुकीत माणसं गेंड्याचे मुखवटे घालून नाचत होती.

संध्याकाळी घरी एक भलामोठा पुष्पगुच्छ आला. सोबत कार्ड: 'आपल्या कलेला मनापासून दाद. आपला, पक्षी.'

मी कार्ड तीनदा वाचलं. अख्ख्या शहरात माझं चित्र बरोबर समजलेला एकच माणूस निघाला.

हिनं कार्ड वाचलं. फुलं उचलून दवाखान्यात नेली. म्हणाली, आठ दिवस तरी तिथे काहीतरी ताजं दिसू दे.

३१ मार्च, बुधवार

दवाखान्याचा शेवटचा दिवस. मी गेलो होतो. रांग दारापर्यंत होती आणि दुपारी दोनला शिपायानं ती मधूनच तोडली. मागच्यांनी विचारलं, उद्या किती वाजता येऊ? शिपाई रडवेला झाला.

हिची बदली शहराच्या टोकाला, दोन बस. घरी येऊन तिनं ॲप्रन धुऊन वाळत घातला आणि दोरीला धरून उभी राहिली. रडत होती. मी मागे जाऊन म्हणालो, "मी प्रयत्न केला गं."

"केलात की," ती म्हणाली. "रोज पाहायचे मी. पहिल्या पानावर असायचा."

मला लाज वाटली. ही नोंद वकिलांच्या उपयोगाची नाही, तरी लिहून ठेवतो.

७ एप्रिल, बुधवार

आज माणूस काढला. चेहरा उघडा, डोळे, गाल, हनुवटी, सगळं त्यांचंच. एका हातात दवाखान्याची किल्ली, दुसरा हात मेहुण्याच्या खांद्यावर, मेहुणा सुटाबुटात. पक्षी नाही, शिंग नाही. आयुष्यात याहून चांगला चेहरा माझ्या हातून उतरलेला नाही. संपादकांनी डोळेसुद्धा वर न करता पास केला. "निवडणूक झाली," म्हणाले, "आता काढा काय हवं ते." वकिलांनी पट्टी बाहेरच काढली नाही.

मी नोटिशीची वाट पाहणार आहे. येऊ दे. मी कोर्टात उभा राहीन आणि सगळं बोलेन.

९ एप्रिल, शुक्रवार

नोटीस नाही. फोन आले, दोनशेच्या वर. 'गेंडा कुठे आहे?' 'हे दोघे गृहस्थ कोण?' 'गेंडा सुट्टीवर गेला असेल तर तसं छापा, मुलं जेवत नाहीत.'

महापौरांच्या कचेरीतून कुणी काहीच म्हणालं नाही. लंबू म्हणतो, तिथे आता महापौरांच्या फोटोच्या जागीही माझा गेंडाच लावलाय.

११ एप्रिल, रविवार

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आता दवाखाना भरतो. ही स्वतःचं बीपीचं मशीन घेऊन बसते, जवळपासची म्हातारी माणसं येतात, जिन्यात रांग लागते. मी चहा करतो. दुसरं काय करणार?

आज एक आजी आल्या. गेली पंधरा वर्षं हिच्याकडे येणाऱ्या. गोळ्या संपून आठवडा झाला होता. दोन बस बदलणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. हिनं पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. आमच्या डब्यातल्या गोळ्या द्यायला उठली.

टेबलावर गुरुवारचा अंक पडला होता. आजींनी तो डोळ्यांजवळ धरला.

"सिस्टर, हा मेला कोण?"

"आपला दवाखाना बंद केला ना, तो," ही आतून म्हणाली.

आजींनी चित्रातल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अंक खाली ठेवला आणि मान हलवली. "तरीच म्हटलं! आपला गेंडा असताना असं होईलच कसं? त्याला कुणी कळवलंच नसणार. एवढं मत दिलं मी त्याला."

मी कप हातात घेऊन उभा होतो. ही दारात येऊन थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "गेंडा हे काढतात. माझे मिस्टर."

आजींचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. त्यांनी पट्टा बांधलेलाच हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"अगंबाई, तुम्ही होय! मग तुम्हीच सांगा की त्याला दवाखान्याचं. तुमचं ऐकेल तो."